फ्रीजच्या पाठीवरचा आकडा

नमस्कार, श्रोतेहो.

तुमचा फ्रीज गेल्या आठ-दहा वर्षांतला असेल, तर सवड मिळेल तेव्हा तो जरा पुढे ओढा आणि कंप्रेसरजवळचा स्टिकर वाचा. बहुतेक तिथे ‘आर-६००ए’ लिहिलेलं असेल. शेजारी त्रिकोणात ज्वाळेचं चित्र, आणि गॅसचं वजन, चाळीस-पन्नास ग्रॅम. हा आयसोब्युटेन, फ्रीज थंड करणारा गॅस. लायटरमध्ये असतो त्याच्याच कुळातला. दहा-बारा लायटरांत मिळून मावेल एवढाच तुमच्या फ्रीजमध्ये फिरतोय. दचकू नका, त्याच स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर ठेवून आपण रोज त्याच्याशेजारी शेगडी पेटवतो.

हा आकडा आपल्यापर्यंत पोचला तो पूर्व जर्मनीतल्या शार्फेनश्टाइन नावाच्या गावातून. तिथे फ्रीजचा एक सरकारी कारखाना होता. दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि १९९२ साली तो बंद करायचं ठरलं. त्याच सुमाराला डॉर्टमुंडच्या आरोग्य संस्थेतले दोन डॉक्टर प्रोपेन आणि ब्युटेनच्या मिश्रणावर चालणारा फ्रीज करून बसले होते. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने कारखान्याची आणि डॉक्टरांची गाठ घालून दिली, नमुन्याच्या फ्रीजसाठी पैसे दिले आणि लोकांना विचारलं, असा फ्रीज निघाला तर घ्याल का? फ्रीज बाजारात यायच्या आधीच ७० हजार मागण्या जमल्या.

मोठ्या कंपन्या खवळल्या. त्यांनी दुकानदारांना कळवलं की हा फ्रीज म्हणजे घरात ठेवलेला बॉम्ब आहे. त्यांचं रागावणं समजण्यासारखं आहे. ओझोनला भोक पाडणारे सीएफसी गॅस १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर जाणार होते आणि त्यांच्या जागी आर-१३४ए आणायची तयारी या कंपन्यांनी केली होती. मार्च १९९३मध्ये शार्फेनश्टाइनचा फ्रीज बाजारात आला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बॉम्ब म्हणणारेच हायड्रोकार्बनचे, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनसारख्या गॅसचे फ्रीज विकू लागले. या तंत्राचं पेटंट मुद्दाम घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणालाही उचलता आलं. कारखाना मात्र १९९६ला दिवाळखोरीत गेला. मला या गोष्टीतलं हेच जास्त बोचतं.

आता तो आर-१३४ए. ओझोनला तो काही करत नाही, पण हवेत सुटला की उष्णता धरून ठेवतो. एक किलो गॅस म्हणजे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. सुपरमार्केटच्या कपाटांत चालणारा आर-४०४ए तर एका किलोला ३,९२२, म्हणजे जवळजवळ चार टन. आणि गॅस गळतोच. ज्यांच्याकडे दरवर्षी एसीत ‘गॅस भरायला’ माणूस येतो, त्यांनी कधी विचारलंय का, गेल्या वर्षीचा गेला कुठे?

युरोपीय संघाने यावर जी युक्ती काढली ती आपल्या रेशनकार्डाच्या जवळची आहे. २०१५पासून गॅस बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना कोटा ठरला, आणि तो दर काही वर्षांनी कमी होत जाणार. गंमत अशी की हा कोटा किलोत मोजत नाहीत, कार्बन डायऑक्साइडच्या टनांत मोजतात. म्हणजे एक किलो आर-४०४ए विकायला जेवढा कोटा खर्ची पडतो, तेवढ्यात एसीत चालणारा आर-३२ पावणेसहा किलो विकता येतो. मग दुकानदार काय ठेवेल? २०१७-१८मध्ये आर-४०४एचे भाव असे चढले की सुपरमार्केटवाल्यांनी आपण होऊन जुनी यंत्रं काढायला घेतली.

भाव चढले की चोरवाटा फुटतातच. गाड्यांच्या डिकीत, मालाच्या ट्रकात लपवून गॅसचे सिलिंडर पूर्वेकडच्या सीमांवरून आत यायला लागले. ते ओळखणं तसं सोपं, कारण एकदा वापरून फेकायचा सिलिंडर युरोपात विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे मेकॅनिकच्या स्कूटरला लटकलेला दिसतो ना, तोच.

मार्च २०२४मध्ये युरोपात नवा कायदा लागू झाला. २०५०पर्यंत बाजारात येणारे एचएफसी, म्हणजे आर-१३४ए, आर-४०४एसारखे गॅस, शून्यावर न्यायचे. नव्या घरगुती छोट्या स्प्लिट एसींना तर त्याआधीच, २०३५पासून, कुठलाही फ्लोरिनवाला गॅस चालणार नाही.

मग राहतं काय? जुनेच गडी. अमोनिया, जो आपल्या बंदरांवरच्या बर्फ कारखान्यांत आजही आहे. प्रोपेन, म्हणजे आर-२९०. आणि खुद्द कार्बन डायऑक्साइड. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या गुस्ताव लोरेंत्सेन या प्राध्यापकांनी १९८०च्या दशकाअखेरीस तो अडगळीतून बाहेर काढला. त्याची एक खोड आहे. ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, म्हणून यंत्र शंभर बारच्या आसपास दाबावर चालवावं लागतं. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज करा. उत्तर युरोपात हे सहज जमलं, स्पेन-इटलीच्या उन्हाळ्यात वीज फार खाऊ लागलं, मग इजेक्टरसारखी जोडकामं करून तेही निभावलं.

फ्रीजवाला आकडा आपल्याकडे स्थिरावला, पण एसीचं घोडं अडलेलंच आहे. खरं तर आर-२९०चा स्प्लिट एसी गोदरेजने जर्मनीच्या मदतीने २०१२मध्येच बाजारात आणला होता, आपल्या शिरवळच्या कारखान्यातून. अडतंय ते बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांपाशी. मी शिकवतो त्या वर्कशॉपमध्ये पोरं वर्षानुवर्षं एकच क्रम बघून येतात : उरलेला गॅस हवेत सोडायचा आणि लगेच ब्रेझिंगची, म्हणजे पाइप जोडायची ज्योत पेटवायची. प्रोपेनच्या पाइपाला असं करून चालत नाही. आधी गॅस काढायचा, नायट्रोजन मारून लाइन धुवायची, मग ज्योत.

दरवर्षी नव्या तुकडीतला एखादा हमखास विचारतो, “सर, गळला तर वास येईल ना?”

येत नाही. घरच्या सिलिंडरमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो, कूलिंगच्या प्रोपेनमध्ये तो नसतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो फरशीलगत साचतो. म्हणून त्यांना पहिल्या दिवशी डिटेक्टर हातात देतो आणि उकिडवं बसून जमिनीजवळ धरायला लावतो.