गांजावरचा कर आणि थकलेला रिफंड

(शिकागोच्या उपनगरातील मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: गांजावरच्या करातून येणारा पैसा बंदीच्या काळात भरडल्या गेलेल्या वस्त्यांना कसा द्यावा. रविवारी दुपारी, श्रीखंड-पुरीनंतर, या विषयाला एवढी गर्दी बघून मला जरा शंका येतेय. कुणाला नमुने वाटपाची आशा असेल, तर मी करसल्लागार आहे. माझ्याकडे वाटायला फक्त फॉर्म असतात.

आपल्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून दुकानात गांजा मिळतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त ज्यांचं नागरिकत्व अजून व्हायचंय त्यांनी कान द्या. संघराज्याच्या कायद्यात तो गुन्हाच होता, म्हणून २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी बजावलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी आलेला संबंध नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. मुलगा म्हणाला ‘बाबा, लीगल आहे’, तर आधी वकिलाला विचारा. असो.

माझा आवडता मुद्दा, जो मी घरी मांडला की सगळे उठून जातात, तो असा की अमेरिकेत गांजावर देशभराची बंदी आली तीच मुळी कर म्हणून. १९३७ चा कायदा. नावातच ‘टॅक्स ॲक्ट’. नोंदणी केलेल्या माणसाला माल द्यायचा तर औंसाला एक डॉलर, नोंदणी नसलेल्याला द्यायचा तर शंभर डॉलर. आता कर भरायला गेलात, तर माझ्याकडे माल आहे असं स्वतःच लिहून द्यायचं. भरला नाहीत, तर करचुकवेगिरीसाठी आत. हा सापळा १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडला, एलएसडीचा प्रचार करणारे मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी यांच्या खटल्यात. पण पुढच्याच वर्षी सरळ बंदीचा नवा कायदा आला. आपल्याकडे इंग्रज जास्त व्यवहारी. त्यांनी १८९३-९४ मध्ये आयोग नेमला, नगरपासून बंगालपर्यंत गांजाची चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, की बंदी नको, कर लावा. आबकारी खातं खूश.

कर म्हटलं की एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मिनियापोलिसचा एक गृहस्थ. धंदा अँफेटामिन, कोकेन आणि गांजा विकण्याचा. पकडला गेला. आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या करखात्याने, १९७४ सालच्या कमाईवर कर मागितला, कारण चोरीची कमाईसुद्धा करपात्र असते. गृहस्थ म्हणाला, भरतो, पण माझे खर्च वजा करा. कुठले खर्च? वजनकाटा. पुड्या बांधायचं सामान. फोन. गाडी किती मैल फिरली त्याचा हिशेब. सॅन डिएगोची एक फेरी. आणि घरभाडं, कारण धंदा घरूनच चालायचा! तुम्ही कोविडमध्ये होम ऑफिस मागितलंत तेव्हा तुमच्या सीपीएने, म्हणजे इथल्या सीएने, कसे डोळे वटारले होते, आठवतंय? या माणसाकडे तर वह्याच नव्हत्या. तरी १९८१ मध्ये टॅक्स कोर्टाने त्याची बरीचशी वजावट मान्य केली. घरभाडं थोडं कापलं, ते सोडा. कारण काय दिलं, तर माणूस आमच्यापुढे खरं बोलला असं वाटतं! मी इतकी वर्षं पावत्यांच्या फायली सांभाळतोय, माझ्या एकाही अशिलाला असं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.

काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अर्थातच मिरच्या झोंबल्या. १९८२ मध्ये करकायद्यात कलम २८०-ई घुसवलं. सरकारने ज्या दोन याद्यांत सर्वांत कडक निर्बंधांचे अमली पदार्थ घातले, गांजाही त्यात होता, त्यांचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च वजा करता येणार नाही. मालाची खरेदी किंमत तेवढी धरतात. दुकानाचं भाडं, काउंटरवरच्या पोराचा पगार, काही नाही. त्या मिनियापोलिसवाल्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चाळीस वर्षांनी पडलं कोण? राज्याचा परवाना भिंतीला लावून बसलेलं दुकान! मोठ्या कंपन्या वकील लावून तगतात. राज्याने ज्यांना ‘सोशल इक्विटी’ म्हणून परवाने दिले, म्हणजे ज्यांच्या वस्तीने अटका सोसल्या, त्या छोट्या दुकानदारांची पहिली दुकानं उघडायला २०२२ उजाडलं, आणि उघडल्यावर पुढ्यात हे कलम.

ही चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे. नंतर नाटकाची तालीम.’ बरं. म्हणजे मूळ विषय सात मिनिटांत.

भराभर सांगतो. इलिनॉयच्या कायद्यात प्रशासनाचा आणि अटकेच्या जुन्या नोंदी पुसण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या करापैकी ३५ टक्के सर्वसाधारण तिजोरीत, २० मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला, १० जुन्या देण्यांना, २ जनजागृतीला. २५ टक्के ‘आर-थ्री’ नावाच्या योजनेला, म्हणजे गोळीबार, बालदारिद्र्य, बेकारी आणि तुरुंगवारी यांचा मार जास्त असलेल्या वस्त्यांमधल्या संस्थांना अनुदान. आणि ८ टक्के स्थानिक पोलिसांच्या कामाला. हे आठ लक्षात ठेवा.

वस्त्या कुणाच्या? अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संस्थेचा २०२० चा अहवाल सांगतो, की इलिनॉयमध्ये गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीय माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या सातपटींहून जास्त होती. ओढणारे दोन्हीकडे जवळपास सारखेच.

शेजारच्या एव्हन्स्टनने वेगळं केलं. २०१९ मध्ये ठरवलं की गांजावरच्या स्थानिक कराचे पहिले एक कोटी डॉलर कृष्णवर्णीय रहिवाशांच्या भरपाईला. रॉबिन रू सिमन्स या नगरसेविकेने ते लावून धरलं. प्रत्येकी २५ हजार डॉलर, सुरुवातीला घरासाठीच. जानेवारी २०२२ मध्ये पहिले सोळा जण चिठ्ठ्यांसारखे निवडले. आपल्या हळदीकुंकवाच्या तंबोल्यासारखे आकड्यांचे चेंडू काढून. पण गावात तेव्हा गांजाचं दुकान एकच, त्यामुळे पैसा ठिबकत आला. शेवटी घरांच्या खरेदी-विक्रीवरच्या कराचीही जोड द्यावी लागली.

मला दोन्ही योजना आवडतात आणि दोन्हींवर माझी हिशेबनिसाची हरकत आहे. आर-थ्रीचा पैसा संस्थेला जातो. एव्हन्स्टनचा पैसा १९१९ ते १९६९ मधल्या घरांबाबतच्या भेदभावाच्या भरपाईसाठी जातो. ज्याला खिशातल्या पुडीसाठी बेड्या पडल्या, ज्याने दंड भरला, वकील केला, गाडी सोडवायला पैसे मोजले, त्याचं काय? राज्याने २०२० अखेर जवळपास पाच लाख अटकेच्या नोंदी पुसल्या, चांगलं केलं. पण नोंद पुसली, पैसे ठेवून घेतले! माझ्या धंद्यात याला दान म्हणत नाहीत, थकलेला रिफंड म्हणतात. आणि रिफंड ज्याने भरला त्याच्या नावाने निघतो, त्याच्या गल्लीतल्या संस्थेच्या नावाने नाही.

कायद्याचा आधार? पुरता नाही, पण धागा आहे. २०१७ मध्ये कोलोरॅडोच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की शिक्षा रद्द झाली तर त्यापायी घेतलेला दंड राज्याने परत केला पाहिजे. माफी आणि नोंद पुसणं त्यात बसत नाही, म्हणून विधिमंडळाने वेगळं कलम करावं: दंड आणि कोर्टाचं शुल्क, व्याजासकट, एका पानाच्या अर्जावर. पावती मागू नये. मिनियापोलिसवाल्याच्या शब्दावर भागलं होतं, मग यांच्याही शब्दावर भागावं.

आणि पैसा कुठून, असं कुणी विचारलं, तर ते आठ टक्के आहेत ना. वसूल ज्यांनी केला त्यांच्या वाट्यातूनच आधी. तालीमवाले दारात उभे आहेत. प्रश्न चहाच्या टेबलापाशी घेऊ.