पाचटातला कर्ब

(दृश्य: कृष्णाकाठचं शिवार, दिवस मावळतीला. तोडणी झालेलं उसाचं रान.)

तोडणी कालच उरकली. टोळी पुढच्या फडाला गेली आणि रानात उरलं पाचट, उसाचा पाला. वाळलेलं, पाय टाकला की करकरणारं. मालकानं बांधाकडेनं हातभर पट्टा झाडून घेतलाय, वारं कुठलं आहे ते पाहिलंय आणि वाकून काडी ओढलीय. बघता बघता रान पेटतं. धुरातून उडणारे किडे टिपायला घारी वर गिरक्या घालतायत. उद्या सकाळी गावात दोरीवरच्या धुण्यावर काळी राख उतरलेली असेल.

एक हेक्टर उसाचं पाचट ८ ते १० टन भरतं. त्यात ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब (म्हणजे कार्बन), अर्ध्या टक्क्यापर्यंत नत्र आणि टक्काभर पालाश. हिशेब मांडा: हेक्टरी अडीच ते चार टन कर्ब, वर ३५ ते ५० किलो नत्र. हे नत्र धुरात जातं आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, आपण युरियाचं पोतं विकत आणतो. जीव तुटतो हे पाहताना.

(दृश्य: उत्तरेकडच्या भातशेतीवरचा धूर.)

कायदा आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचं कलम १९ राज्य सरकारला अधिकार देतं: प्रदूषण मंडळाशी विचारविनिमय करून, इंधन नसलेली कुठलीही वस्तू जाळायला हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात मनाई करता येते. २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात पिकांचे अवशेष जाळण्यावर बंदी घातली. दिल्ली आणि भोवतालच्या भागासाठी २०२४ मध्ये दंड दुप्पट झाला: दोन एकरांच्या आत ५ हजार, पाच एकरांपर्यंत १० हजार, त्याच्या वर ३० हजार रुपये. आपल्याकडे कृषी विभागानं दंडापेक्षा पाचट व्यवस्थापनाच्या प्रचारावर भर दिला. मला हा रस्ता जास्त माणुसकीचा वाटतो. पण नुसत्या प्रचारानं काडी थांबत नाही, हेही तितकंच खरं.

आता एक गोष्ट नीट ऐका. देशोदेशीचे उत्सर्जनाचे ताळेबंद ज्या पद्धतीनं मांडले जातात, त्यात शेतातला काडीकचरा जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड धरलाच जात नाही. पुढच्या हंगामातलं पीक तो परत शोषून घेतं, असं मानतात. मोजतात ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. हवेच्या बाजूनं पाहिलं तर हे चुकीचं नाही. पण मातीच्या बाजूनं कुणी पाहायचं? पाचट कुजतानाही बराच कर्ब हवेत परततो. एक हिस्सा मात्र मातीत राहतो, ओल धरतो, गांडुळं पोसतो. जाळलं की तोही जातो. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना आहे. सरकारनं धुराइतकीच या रकान्याचीही दखल घ्यावी, आणि ज्याच्या रानातला आकडा वर्षागणिक सुधारतो त्याच्या पदरात काहीतरी टाकावं.

(दृश्य: गडचिरोली. मोहाच्या झाडाखाली पालापाचोळा.)

जंगलातही तीच काडी. मोहाची फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग पुढं सरकली की वणवा. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे; उपग्रह आग टिपतो, इशारा येतो, वनरक्षक झाडाच्या डहाळ्या घेऊन धावतात. पण पहाटे फुलं वेचणाऱ्या बाईला फुलं झेलायला झाडाखाली बांधायची जाळी मिळाली, तर काडी पेटवायचं कारणच संपतं.

(दृश्य: पुन्हा कृष्णाकाठ. शेजारचं रान, न जाळलेलं.)

इथं पाचट सरीत दाबलंय. बुडखे जमिनीलगत छाटलेत. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी सोडलंय. हातानं थर उचलला तर खालचं पाचट काळंभोर, मऊ झालेलं; चिमटीत चुरडतं आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

याच रानाच्या पलीकडं अजून एक तुकडा आहे. पाचट तसंच पडलंय. मालकाला जाळायचं नाही. त्याला कुट्टी करून हवीय, आणि गावात कुट्टी यंत्र एकच. नंबर लागेल शुक्रवारी. उपसा सिंचनाच्या पाण्याची पाळी आहे बुधवारी, आणि ती हुकली तर खोडवा वाळेल.

तो बांधावर बसलाय. आज सोमवार.