शिक्रा की बेसरा? गळ्याची रेघ बघा

नमस्कार मंडळी. आज दोन शिकारी पक्ष्यांबद्दल बोलूया, शिक्रा आणि बेसरा. दोघं जवळचे भाऊबंद, दोघंही साधारण फूटभर लांब, त्यामुळे आपण लांबून बघतो आणि सरसकट ससाणा म्हणून मोकळे होतो.

शिक्रा तुम्ही पाहिलेलाच असणार, माडावर, विजेच्या तारेवर, आगरात, कुठेही. पाठ फिकट राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेषा, गळ्यावर मधोमध पुसट रेघ. बेसरा रानातला, पाठ गडद, आणि गळ्यावरची रेघ जाड, काळपट. परत सांगतो, शिक्र्याची रेघ पुसट, बेसऱ्याची जाड.

आता गंमत ऐका. गुहागरकडे माझ्या आत्याचं घर आहे, मागे पोफळीचं आगर आणि त्याला लागून देवराई. मे महिना होता, मागच्या पडवीत हाताला खोबरेल चोपडून आम्ही फणसाचे गरे काढत बसलेलो, तेवढ्यात आगरातून शिक्र्याची हाक आली, टी-ट्वी, टी-ट्वी. आत्या तशीच उठली, कोंबडीची पिल्लं गोळा करून डालग्याखाली घातली, सातभाई कलकलाट करत जास्वंदीत घुसले आणि मग सगळं आगर चिडीचूप. आणि बघतो तर काय, रातांब्यावर भृंगराज! शेपटीच्या त्या दोन लांब तारा हलवत तोच शिक्र्याचा आवाज काढत होता, हुबेहूब. आत्या म्हणाली, "मेल्यानं फसवलंन बघ!" आणि डालगं उचललंन.

आणि मग खरा आला. आवाज नाही काही नाही, देवराईकडून कुंपणाला घासून आला, जास्वंदीवरचा बुलबुल उचलला आणि फणसाच्या आतल्या काळोख्या फांदीवर जाऊन बसला. मी दुर्बीण लावली, तर गळ्यावर जाड काळी रेघ, खाली छातीवर उभे फराटे, पोटावर तांबूस आडवे पट्टे. बेसरा! लांब बारीक बोटांनी बुलबुल दाबून धरलेला आणि एकेक पीस उपटून खाली टाकतोय, बुडाखालची ती लाल पिसंसुद्धा. पिल्लांकडे ढुंकूनही बघितलं नाही त्याने.

राई शाबूत आहे म्हणून हा पक्षी तिथे आहे, राई तोडून काजू लावला की संपलं.

असो. फसायला होतं ते शिक्र्याच्या कोवळ्या पोरामुळे, त्याच्या छातीवर तपकिरी उभे थेंब असतात आणि गळ्याची रेघही जरा ठळक दिसते. अशा वेळी शेपटी बघायची. बेसऱ्याचे गडद पट्टे रुंद, मधल्या फिकट पट्ट्यांएवढेच, शिक्र्याचे अरुंद. आधी गळा, मग शेपटी, लक्षात ठेवा.

शिक्रा कधीतरी कोंबडीचं पिल्लू नेतो हे खरं आहे, पण सरडे, खारी, उंदीर, टोळ हेच त्याचं रोजचं खाणं, तेव्हा गलोल काढू नका, यातला कुठलाही पक्षी मारणं कायद्याने गुन्हा आहे.