गॅसच्या उजेडातला झगा

अध्यक्ष आणि मंडळी, सुरुवातीलाच एक तक्रार. मी येताना पर्समध्ये कापडाचे दोन तुकडे आणि एक काडेपेटी घेऊन आले होते. काडेपेटी दारातच काढून घेतली. सभागृहात विस्तव चालत नाही म्हणे. नियम बरोबर आहे, माझं आजचं सगळं बोलणं त्या नियमाच्याच बाजूचं आहे, पण माझं प्रात्यक्षिक बुडालं. तेव्हा तुकडे नुसतेच फिरवते. दोन्ही एकाच तलम मलमलीचे. एकाला फक्त खळ लावलीय. दुसरा तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवलाय. चाचपा, उजेडासमोर धरा आणि मागे द्या.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्हिक्टोरियाकालीन बॅलेचे पोशाख, १८३७ ते १९०१’. चौसष्ट वर्षं आणि वेळ पाऊण तास. त्यात मी ड्रेपरीवाली, नाटकांना कपडे पुरवणारी. इतिहासकार झग्याच्या लांबीबद्दल बोलतात, घोटे दिसले की गुडघे दिसले, त्यानं कोण लाजलं. मला विचाराल तर नाटकातला कपडा लाजेसाठी शिवत नाहीत, उजेडासाठी शिवतात. माझा मुद्दा एवढाच आहे, बाकी सगळं त्याचं अस्तर.

हा मुद्दा मला पुस्तकातून नाही, एका शाळेच्या गॅदरिंगमधून मिळाला. शाळेचं नाव सांगत नाही, तुमच्यातले दोघे-तिघे तिथले माजी विद्यार्थी असतील. पऱ्यांचा नाच, बारा मुली, बारा पांढरे फ्रॉक. मी नायलॉनची नेट आणली, आत कॅनकॅनचे चार थर. बाजारात टेलर विचारतोच ना, ‘ताई, कॅनकॅन किती थर?’ रंगीत तालमीला बाई म्हणाल्या, मुलींच्या हातात पणत्या देऊ या. मी म्हटलं, बॅटरीच्या द्या. त्या म्हणाल्या, खऱ्या ज्योतीची शोभा वेगळी. शोभा वेगळीच असते, त्यात वाद नाही! तिसऱ्या गिरकीला एका परीचा घेर शेजारणीच्या पणतीवरून गेला. नायलॉन भडकण्याआधी आक्रसतं, म्हणून वाचलो. पडदा ओढणाऱ्या मामांनी हातातली पाण्याची बाटली ओतली. मुलीला काही झालं नाही, फक्त फ्रॉकला पोळीएवढं भोक पडलं. आणि शाळेनं ते भोक माझ्या बिलातून कापलं. चारशे रुपये. वीस वर्षं झाली, मी अजून विसरलेले नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही ती चारशे रुपयांमुळे नव्हे. नायलॉनच्या जागी सुती जाळी असती तर? त्या ‘तर’च्या मागे लागून मी पॅरिस-लंडनला पोचले, म्हणजे वाचनालयातल्या कपाटापर्यंत.

१८३२ साली, व्हिक्टोरिया गादीवर यायच्या पाच वर्षं आधी, पॅरिसच्या ऑपेरा थिएटरात मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ हा परीचा बॅले नाचली. घट्ट चोळी, उघडे खांदे, पाठीला चिमुकले पंख आणि पोटरीपर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा घेर. तो पोशाख युजेन लामीचा, असं मानतात. मलमल, टार्लटन, ट्यूल अशा पांढऱ्या तलम कापडांचे थरावर थर. त्यातली ट्यूलची जाळी पूर्वी हातानं विणायची, ती १८०९ पासून हीथकोटच्या यंत्रावर निघू लागली होती. पण हा घेर मेणबत्तीच्या पिवळट उजेडात उठला नसता. पॅरिसच्या ऑपेरात १८२२ पासून गॅस होता. गॅसची बत्ती कमी-जास्त करता येते. ती मंद केली की थरांतून उजेड झिरपतो आणि बाई जमिनीपासून वर उचलल्यासारखी दिसते. भूत म्हणा, परी म्हणा, ती त्या दिव्यानं केलेली.

छोटी व्हिक्टोरियाही याच वेडातली. लाकडी बाहुल्यांना कपडे शिवायचा तिला नाद होता. तिच्याकडे १३२ बाहुल्या होत्या, त्यांत बॅलेतल्या नर्तकीही. म्हणजे इंग्लंडची राणी काही काळ आमच्याच धंद्यात होती! (हशा) पुढे १८४५ मध्ये लंडनला ताल्योनी, ग्रीसी, चेरितो आणि ग्रान अशा चौघी एकत्र नाचल्या, तेव्हा तिसऱ्या खेळाला राणी हजर होती. इथे सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यावर बोलायचा मोह होतोय, पण आवरते.

आता हा झगा आणि ती बत्ती एकमेकांपासून किती लांब? पायाशी बत्त्यांची रांग, विंगेत बत्त्यांची रांग, आणि मध्ये गिरकी घेणारा सुती जाळीचा घेर. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर या नर्तकीचा घेर पेटला, प्रयोग चालू असताना. मदतीला धावायचं तर बरोबरीच्या प्रत्येकीच्या अंगावर तोच कपडा. तीन दिवसांनी ती गेली.

उपाय नव्हता असं नाही. कापड क्षाराच्या पाण्यात भिजवायचं. फ्रान्समध्ये १८५९ साली त्याचं फर्मानच निघालं. लंडनमध्ये त्याच सुमारास फर्समन आणि ओपेनहाइम या दोन रसायनतज्ज्ञांनी एकेक क्षार तपासले. पण भिजवलेला कपडा मळकट दिसतो, ताठरतो आणि गिरकीत फुलायचा तो लोंबतो. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात आत्ता दुसरा तुकडा आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळलं असेल.

पॅरिसच्या ऑपेरातली नर्तकी एमा लिव्री, तिनं असा भिजवलेला झगा घालायला नकार दिला. मी नेहमीच्याच झग्यात नाचणार, असं तिनं ऑपेराला लिहून दिलं. ताल्योनीची लाडकी शिष्या. ताल्योनीनं १८६० मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियाँ’ बसवला होता. त्यातलं फुलपाखरू मशालीकडे ओढलं जातं आणि त्याचे पंख जळतात. १५ नोव्हेंबर १८६२ला, ‘ला म्युएत द पोर्तिची’ या संगीतिकेच्या तालमीत, घेर चुरगळू नये म्हणून तिनं तो उचलून झटकला. वाऱ्यानं विंगेतली ज्योत ओढली गेली. ती वीस वर्षांची होती. आठ महिने अंथरुणाला खिळून १८६३च्या जुलैत गेली. तिच्या पोशाखाचे उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहात ठेवलेत.

लोक तिला हट्टी म्हणतात. मी नाही म्हणत. त्या मुलीला आपल्या कपड्याचं काम माहीत होतं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलंय, आणि मी १८६३ मध्येच आहे. अडतीस वर्षं राहिली, पाच मिनिटांत उरकते.

झगा आखूड का झाला? पायांचं काम वाढलं म्हणून. इटालियन नर्तकींचे बूट टोकाशी कडक झाले, गिरक्या वाढल्या. लांब घेर पायांत येतो आणि पायही झाकतो. १८८५ मध्ये विर्जिनिया झुकी सेंट पीटर्सबर्गला गेली, तिनं लांब घेर नाकारला. तिथून पुढे आजचा ताटासारखा आडवा घेर, म्हणजे टुटू.

पुरुषांचं काय? पॅरिस-लंडनात ते बाजूलाच पडले होते. १८७०च्या ‘कोपेलिया’ बॅलेत फ्रान्झ या तरुणाचं काम युजेनी फिओक्रनं केलं. आपल्याकडे पुरुष बायका होत होते, तिकडे बायका पुरुष. त्याच वर्षी कॅनकॅन नाचवला म्हणून लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटराचा नाचाचा परवाना गेला. आपल्या टेलरच्या जाळीचं नाव त्या नाचावरून! नंतर लंडनच्याच एम्पायर थिएटरात पोशाखकार सी. विल्हेल्मनं रंगांची लयलूट केली, पांढरा मागे पडला. १८९४ मध्ये मिसेस चँट या समाजसुधारक बाईंनी नीतीच्या नावानं त्याच एम्पायरविरुद्ध मोहीम काढली. उलट स्ट्यूअर्ट हेडलम नावाच्या पाद्र्यानं १८७९ पासूनच नर्तकींची बाजू घेतली होती. यातल्या प्रत्येकावर एकेक व्याख्यान होईल, पुढच्या वर्षी बोलवा.

एकच सांगून थांबते. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात वीज आली, तेव्हा २८ डिसेंबर १८८१ला मालक डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आले. हातात पेटलेला बल्ब, भोवती तलम मलमल गुंडाळलेली. सगळ्यांसमोर त्यांनी बल्ब फोडला. मलमल जळली नाही. दुसऱ्या वर्षी त्याच रंगमंचावर ‘आयोलँथी’तल्या पऱ्या केसांत बॅटरीचे दिवे लावून आल्या. त्या शाळेच्या बाईंना हे तेव्हाच सांगता आलं असतं तर माझे चारशे रुपये वाचले असते.

बरं, माझे तुकडे? दुसरा मिळाला, लगेचच मागून पुढे आला. पहिला अजून तिसऱ्या रांगेत कुणी दिव्यासमोर धरून बसलंय. तो परत द्या बरं का. मला दारातून काडेपेटीही घ्यायचीय.