तोफेजवळचा रंगरूट

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या नाशिकरोडला घरी पाहुणे आले की एक गंमत हमखास होते. लांबून धडाम आवाज येतो, तावदानं थरथरतात, पाहुणे दचकतात आणि घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, "काही नाही, देवळालीला फायरिंग चालू आहे."

पण तोफखान्याच्या इथे दोन वेगवेगळ्या संस्था आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना नीट ठाऊक नसतं. देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी 1923 साली काकूलला सुरू झालं. ते गाव आता पाकिस्तानात आहे. 1941 मध्ये शाळा देवळालीला आली. तिथे अधिकारी आणि मुरलेले जवान शिकतात. नाशिकरोड कॅम्पातलं तोफखाना केंद्र मात्र 1948 चं, आणि ते कोऱ्या पोरांचं. भरतीत पास झालेलं, कालपर्यंत गावच्या बांधावर पळणारं पोर पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरतं आणि रंगरूट होतं. माझ्या बहिणीचा मुलगाही असाच गेला. बरोबर आलेले आमचे भावजी चुकून देवळाली स्टेशनात उतरले आणि पुढे रिक्षावाल्याशी भांडत कॅम्पाच्या गेटापर्यंत पोचले, ते निराळं!

आता थोडं मागे जाऊ. क्रिकेटमुळे आपण ज्याला गोलंदाज म्हणतो, तो शब्द मुळात तोफेवरच्या माणसाचा. 28 सप्टेंबर 1827 ला मुंबईच्या फौजेत हिंदी गोलंदाजांची एक तुकडी उभी राहिली. पुढे तीच पाच नंबरची बॉम्बे माउंटन बॅटरी झाली; बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी. तोफखाना अजूनही 28 सप्टेंबरला गनर्स डे पाळतो. मग 1857 चा उठाव झाला. इंग्रजांनी त्यातून एक धडा पक्का घेतला: हिंदी माणसाच्या हाती तोफ द्यायची नाही. खेचरांवरून तोफा नेणाऱ्या डोंगरी बॅटऱ्यांसारखे थोडे अपवाद ठेवले, बाकीच्या हिंदी तुकड्या मोडल्या. हिंदी जवानांची पहिली फील्ड रेजिमेंट, म्हणजे मैदानी तोफांची पलटण, थेट 15 जानेवारी 1935 ला बंगळूरला उभी राहिली. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ हा अविश्वास टिकला. मला वाटतं, नाशिकरोडच्या केंद्राकडे पाहताना हे आधी आठवावं.

तिथल्या परेडच्या मैदानाला हवालदार उमराव सिंग यांचं नाव आहे. डिसेंबर 1944, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. जपान्यांचे हल्ल्यांवर हल्ले चालले होते. तोफेवरचे सोबती पडले, गोळ्या संपल्या, तेव्हा या माणसाने तोफेचा लोखंडी दांडा उचलला. आपली पहार असते ना, तसा. सहा तासांनी आपल्या लोकांनी ती जागा परत घेतली, तेव्हा ते तोफेशेजारी जखमी होऊन पडलेले सापडले. ओळखूही येत नव्हते. भोवती दहा जपानी मेलेले होते. तोफ शाबूत होती, त्याच दिवशी ती पुन्हा डागली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला.

पायदळाच्या पलटणीला निशाण असतं. तोफखान्याचं निशाण म्हणजे तोफच. म्हणून इथली कसम परेड, म्हणजे शिक्षण संपल्यावर शपथ घ्यायची परेड, तोफांच्या साक्षीने होते.

शिक्षणाचा क्रम तसा सरळ आहे. अग्निवीर योजना आल्यापासून एकूण 31 आठवडे; आधी पीटी, ड्रिल, रायफल, मग ज्याचा त्याचा ट्रेड: कुणी गनर, कुणी ड्रायव्हर, कुणी रेडिओ ऑपरेटर. शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमच्या भाच्याला वाटलं होतं, गेल्या गेल्या गोळा डागायला मिळेल. पण तोफेपर्यंत पोचला, तेव्हा उस्तादाने हातात चिंधी आणि तेल दिलं. "पहले इसको पोंछना सीख."

परेड झाल्यावर आईवडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात. बहिणीला ते इरकली लुगड्यावर नीट बसेना, शेवटी तिने एका हाताने धरूनच ठेवलं. मग पोराची तोफ बघायला आम्ही सगळे गेलो. तिने दुसरा हात नळीवरून फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. भाचा काही बोलला नाही. आईची पाठ वळल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला आणि बोटांचे ठसे पुसून टाकले.