अंगच्या मापाची सायकल

(साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

माझं वय 66, उंची पाच फूट एक इंच. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी बाकदार हँडलची रोड सायकल घेतली. ती सात महिन्यांत विकली. त्यानंतर घेतलेली सायकल आज पाचव्या वर्षीही आठवड्यातून चार दिवस बाहेर पडते. पहिली महाग होती, हलकी होती, दिसायला देखणी होती. दुसरी तिच्यापेक्षा दोन किलोंनी जड आहे. आज मी बोलणार आहे ते या दोन सायकलींमधल्या फरकाबद्दल.

पहिल्या सायकलवर मी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचे. पाऊण तास झाला की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. सुरुवातीला हात झटकला की बरं वाटायचं. मग एक दिवस घरी आल्यावर ब्लाउजची हुकं लागेनात. हुक बोटाला लागतोय की नाही, हेच कळत नव्हतं. त्या दिवशी मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, या वयात आता सायकल बंद करा. घरच्यांनाही ते पटलं. मला पटलं नाही. सायकल चालवतात पायांनी, आणि दुखत होता हात. हातावर एवढा भार येतोच का, हा प्रश्न मी धरून बसले.

तुमच्यापैकी बहुतेकांनी काळी अठ्ठावीस इंची सायकल चालवलेली आहे. मधे पाय घालून शिकलेले इथे निम्मे तरी असतील. त्या सायकलवर माणूस ताठ बसायचा, सगळा भार सीटवर. म्हणून तिची सीट रुंद आणि खाली जाड स्प्रिंगा. रोड सायकलवर आपण पुढे वाकतो, आणि भार सीट, पायडल आणि हात अशा तीन ठिकाणी वाटला जातो. हँडल जितकं लांब आणि जितकं खाली, तितका हातांचा वाटा मोठा. तरुण माणूस पोटापाठीच्या स्नायूंवर धड तोलून धरतो. आपले ते स्नायू लवकर थकतात, आणि थकले की सगळं धड हातांवर येतं. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं अल्नर नावाची नस जाते. हँडलचा दाब तिच्यावर पडला की नेमकी तीच दोन बोटं बधिर होतात. म्हणजे माझ्या हाताला रोग नव्हता. हँडल चुकीच्या जागी होतं.

दुकानात त्यांनी काय पाहिलं होतं? मी उभी राहिल्यावर नळी लागत नाही ना, पाय जमिनीला टेकतात ना, एवढंच. ब्लाउज शिवायला टाकताना आपण छाती, खांदा, बाही अशी पाच-सहा मापं देतो. हजारो रुपयांची सायकल मात्र ‘स्मॉल की मीडियम’ एवढ्यावर घेतो.

दोन मापं पाठ करून जा. पायडल ज्या दांडीला बसतात ती क्रँक. ती ज्या अक्षावर फिरते त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिथून सरळ वर, फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकाच्या पातळीपर्यंतची उंची म्हणजे स्टॅक. आणि तिथूनच त्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. चांगल्या कंपन्या प्रत्येक मापाच्या सायकलचे हे आकडे छापतात. शर्यतीच्या छोट्या सायकलचा स्टॅक समजा 510 मिलिमीटर आणि रीच 380 असेल, तर आरामाच्या जातीतल्या तेवढ्याच मापाच्या सायकलचा स्टॅक 545 आणि रीच 365 असू शकतो. हँडल साडेतीन सेंटिमीटर वर आलं आणि दीड सेंटिमीटर जवळ आलं. ऐकायला हे फार थोडं वाटतं. मानेला विचारा, ती सांगेल किती आहे ते.

या आरामाच्या जातीला दुकानात ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. तिचा जन्म म्हाताऱ्या माणसांसाठी झालेला नाही, हे मुद्दाम सांगते. फ्रान्समध्ये ‘पॅरिस-रूबे’ नावाची शर्यत 1896 पासून होते, आणि तिच्या वाटेत उखडलेल्या दगडी फरसबंदीचे लांबच लांब पट्टे येतात. 2004 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीनं त्याच गावाच्या नावाची ‘रूबे’ सायकल आणली: हँडल उंच, चाकांमधलं अंतर जास्त, हादरे कमी. नंतर ट्रेकची डोमेन, जायंटची डिफाय अशा सायकली याच वाटेवर दिसतात. दगडांवरून तासन्‌तास जाणाऱ्या शर्यतवाल्यांना जे हवं, तेच आपल्या रस्त्यांवर आपल्या पाठीला हवं आहे. म्हणून दुकानदाराकडे एन्ड्युरन्स सायकल मागताना कमीपणा वाटून घेऊ नका.

आता वजन. दुकानात पाऊल टाकलं की पहिली गोष्ट ही होते: सायकल बोटावर उचलून दाखवतात. मी तुम्हाला हिशेब करून दाखवते. घाटाचा चढ 400 मीटर धरा. सायकल दोन किलोंनी जड असेल तर तेवढं वजन वर न्यायला लागणारं काम दोन गुणिले 9.8 गुणिले 400, म्हणजे सुमारे 7,800 ज्यूल. शरीर खाल्लेल्या अन्नातला साधारण पाव भागच पायडलपर्यंत पोचवतं, ते धरलं तरी सात-आठ कॅलरी होतात. अर्धा चमचा साखर! वेळेचं म्हणाल तर माणूस आणि सायकल मिळून 70 किलोंच्या जागी 72 किलो झाले, तर 50 मिनिटांच्या चढाला फार तर दीड मिनिट जास्त. शर्यतीत दीड मिनिट फार मोठं. मला वर कुणी घड्याळ लावून बसलेलं नाही. उलट हात बधिर झाला म्हणून मी वाटेत तीनदा थांबत होते, त्यात दहा मिनिटं जायची.

ज्याच्यावर पैसे खर्च करावेत ती गोष्ट म्हणजे टायर. माझ्या पहिल्या सायकलला 25 मिलिमीटरचे टायर होते, हवा शंभर पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास. रस्त्यावरच्या रम्बलरवरून जाताना दात वाजायचे. आता 32 मिलिमीटरचे आहेत. मी पुढे 45 आणि मागे 50 पीएसआय हवा भरते. टायर कडक म्हणजे वेग जास्त, हा समज गुळगुळीत फरशीवर खरा असेल. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि आपल्याला वर उडवतो, आणि ती ताकद अंगाच्या थरथरण्यात वाया जाते. शर्यतवालेसुद्धा 23 वरून 25 वर आणि तिथून 28 वर आलेत. घेताना एवढंच विचारा: या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो? 32 बसत नसेल तर ती सायकल सोडून द्या. इथे मी तडजोड करणार नाही.

एक बारीक गोष्ट. या टायरांच्या ट्यूबला बहुतेक वेळा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, लांब आणि बारीक. आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पितळेचा चिमुकला ॲडॉप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर कायमचा फिरवून ठेवा. वाठारजवळ एकदा तो नव्हता म्हणून मी चार किलोमीटर सायकल ढकलत आले.

गिअरबद्दल सांगायच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाते. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 मध्ये ज्यांनी सुरू केली, त्या आंरी देग्रांज यांचं ठाम मत होतं की बदलते गिअर फक्त पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी; खऱ्या सायकलस्वारानं स्नायूंच्या जोरावर जिंकावं. त्यांच्या शर्यतीत डिरेलर गिअर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर, वापरायला 1937 पर्यंत परवानगी नव्हती. त्याच काळात सेंत-एतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं लिहायचे. लांब पल्ल्यासाठी आरामाची, अनेक गिअरांची सायकल हवी असा त्यांचा आयुष्यभर आग्रह होता, आणि 1930 मध्ये ट्रामच्या अपघातात जाईपर्यंत, सत्तरी ओलांडल्यावरही, ते सायकल चालवत होते. आज सगळं जग व्हेलोसिओंच्या बाजूला आहे. देग्रांज यांनी जे हिणवून म्हटलं, ते मी आनंदानं मान्य करते. मी पंचेचाळिशीच्या बरीच पुढे आहे, मला गिअर द्या.

तर पुढची लहान चकती 34 दातांची आणि मागची मोठी चकतीही 34 दातांची असावी. पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं, सायकल साधारण 2.1 मीटर पुढे जाते. जुन्या पद्धतीच्या शर्यतीच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर 39 आणि 25 असायचा, त्यात एका फेऱ्यात जवळजवळ 3.3 मीटर. घाटात आपला वेग ताशी सात किलोमीटर धरा. 34-34 च्या गिअरवर मिनिटाला 55 फेरे होतील, शर्यतीच्या 39-25 वर 35. पस्तीस फेऱ्यांमध्ये प्रत्येक दाबाचं ओझं गुडघ्याच्या वाटीवर येतं. पुढे 30 दातांची चकती असलेला सेट मिळाला तर आणखी उत्तम.

हँडलवर मला दोन्ही बाजूंचा सल्ला मिळाला होता. भाचा म्हणाला, मावशी, तू सरळ दांड्याची घे. पण सरळ दांड्यावर हात एकाच जागी राहतात. बाकदार हँडलवर वरचा आडवा भाग, ब्रेकच्या मुठी आणि खालचा बाक अशा तीन-चार जागा मिळतात. दर दहा मिनिटांनी हात हलवला की नस मोकळी राहते. म्हणून वय झालं तरी बाकदार हँडल सोडू नका, फक्त ते जवळ आणि वर घ्या. बाक उथळ हवा, बारा-साडेबारा सेंटिमीटरचा. रुंदी खांद्याएवढी, माझं 38 सेंटिमीटरचं आहे, आणि ते मला मागवून घ्यावं लागलं, कारण दुकानात सगळी पुरुषी मापाची होती. हात लहान असतील तर ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो. पहिल्या दुकानात कुणी हे सांगितलं नाही. सात महिने मी बोटांच्या टोकांनी ब्रेक मारत होते.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, घ्या. तार ओढायच्या ब्रेकला घाटाच्या उतारावर पंजाचा जोर लागतो, आणि अंगठ्याच्या सांध्याला संधिवात असेल तर शेवटच्या वळणापर्यंत हात थकून जातो. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं. त्याचं तेल बदलायला आपल्याकडे सगळ्यांना जमत नाही, वर्षातून एकदा पुण्याला न्यावी लागेल. न्या.

आणि हँडल ज्या चिमट्याच्या नळीवर बसतं, ती नळी नव्या सायकलची थोडी लांब ठेवलेली असते, खाली ॲल्युमिनियमच्या चकत्या. दुकानदार नीटनेटकी दिसावी म्हणून ती कापून देतात. कापली की हँडल पुन्हा वर नेता येत नाही. मी दुसरी सायकल घेतली तिथला मेकॅनिक माझा विद्यार्थी निघाला. म्हणाला, “बाई, एवढ्या चकत्या वर बऱ्या दिसत नाहीत.” मी म्हटलं, “दिसू दे. सहा महिने हात लावायचा नाही.” सहा महिन्यांनी एक चकती मी स्वतःच काढली, कारण पाठ सैल झाली होती. हँडल धरणारा स्टेम उलटा करून बसवला तरी दोनेक सेंटिमीटर उंची मिळते, आणि त्याला खर्च शून्य.

टांग टाकण्याबद्दल कुणी बोलत नाही, पण आपल्या वयात पडतात ते बहुतेक चढता-उतरताना. वरची नळी मागे उतरती असलेली फ्रेम बघा. सायकल आपल्याकडे चांगली कलती करायची, मग पाय न्यायचा. बूट अडकवायचे पायडल मी वापरत नाही. सपाट, खिळ्यांचे पायडल पुरेसे आहेत. बायकांना एक वेगळं सांगते. सायकलनं हाडं मजबूत होत नाहीत, कारण आपलं वजन सायकल उचलते. चालणं आणि थोडं वजन उचलणं चालूच ठेवा.

कुणीतरी मघाशी विचारलं, आता शिकून अंगात काय फरक पडणार? रोबेर मार्शां नावाचे फ्रेंच गृहस्थ, जन्म 1911. शंभराव्या वर्षी, 2012 मध्ये, त्यांनी ट्रॅकवर एका तासात 24.25 किलोमीटर सायकल चालवली. दोन वर्षांनी, 102 व्या वर्षी, पुन्हा चालवली: 26.927 किलोमीटर. अंतर वाढलं. मधल्या काळात ते नियमित सराव करत होते आणि त्यांची प्राणवायू वापरायची क्षमताही वाढल्याचं शास्त्रज्ञांनी मोजलं. मी त्यांचा फोटो शाळेच्या जुन्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

दुकानात जाल तेव्हा निदान अर्धा-पाऊण तास चालवून बघू द्या म्हणा. पाच मिनिटांत प्रत्येक सायकल गोड वाटते. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

माझी सायकल बाहेर व्हरांड्यात उभी आहे, चारही चकत्यांसकट नाही, तीन आहेत. टेप आणलाय. खोक्याचा नालीदार पुठ्ठाही आणलाय. कडक खुर्चीवर पुठ्ठा ठेवून, थोडं पुढे वाकून त्यावर बसायचं. बसायच्या दोन हाडांचे खळगे उमटतात, त्यांच्यातलं अंतर मोजलं की सीट किती रुंद हवी ते कळतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी या, तुमची सीटची उंची बघायची आहे. चप्पल काढून या.