पाडायच्या आधी विचारा

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. दगडी खांबांची रांग. आत लोखंड आणि काचेचं उंच छत.]

न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन. 1910 साली सुरू झालं. नुसतं छत बघायचं तरी मान पार मागे टाकावी लागे.

28 ऑक्टोबर 1963 रोजी ते पाडायला सुरुवात झाली.

त्याच्या आदल्या वर्षी शहरातले वास्तुरचनाकार हातात फलक घेऊन स्टेशनाबाहेर उभे राहिले होते. उपयोग शून्य. होणार तरी कसा? इमारत रेल्वे कंपनीची, जागा कंपनीची, आणि तिला अडवता येईल असा एका ओळीचाही नियम शहराच्या दप्तरी नव्हता. खांबांचे, पुतळ्यांचे तुकडे ट्रकमध्ये भरून न्यू जर्सीच्या पाणथळ जमिनीत भराव म्हणून टाकले गेले.

[दृश्य: दलदलीत आडवे पडलेले दगडी खांब.]

दीड वर्षानं, एप्रिल 1965 मध्ये, महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी शहराच्या वारसा कायद्यावर सही केली. त्यातून अकरा जणांचा एक आयोग आला. त्यात किमान तीन वास्तुरचनाकार, एक इतिहासकार आणि एक नगररचनाकार किंवा उद्यानरचनाकार असलाच पाहिजे. जमीनजुमल्याच्या व्यवहारातलाही एक माणूस हवा, आणि शहराच्या पाचही विभागांतला एकेक रहिवासी हवा. जमीनजुमलावाल्याला मुद्दाम बसवलंय, हे मला फार आवडतं. पैशाचं बोलणारा खोलीत नसेल तर बाकीचे नुसते हळहळत बसतील.

कायदा काय सांगतो? ‘पाडू नका’ असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आधी विचारा.’ आयोगाच्या वारसा यादीतल्या इमारतीची खिडकी बदलायची, दर्शनी भिंत खरवडायची, मजला चढवायचा, तर अर्ज करा, फोटो जोडा, नकाशा जोडा. मग आयोग होय म्हणेल, नाही म्हणेल किंवा बदल सुचवेल. कंटाळवाणं काम आहे. पण जुनं गाव टिकतं की जातं, ते बहुतेक वेळा या अर्जाच्या खिडकीपाशीच ठरतं. उद्घाटनाच्या फितीचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

ही कल्पना काही न्यूयॉर्कला पहिल्यांदा सुचली नव्हती. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटननं 1931 मध्येच गावाचा एक जुना भाग नकाशावर आखून तिथल्या बांधकामासाठी वेगळे नियम केले. अमेरिकेतला तो पहिलाच असा प्रयोग. तेव्हा पेट्रोल पंपासाठी मोक्याची घरं पाडली जात होती. घरांतलं कोरीव लाकूडकाम उचकटून संग्रहालयांना विकलं जात होतं. गंमत म्हणजे, गावानं मंडळ नेमलं खरं, पण सुरुवातीला त्याला पाडकाम थांबवायचा अधिकारच नव्हता. बाहेरून दिसणारे बदल तेवढे तपासायचे. दात नसलेला रखवालदार म्हणा. दात पुढे हळूहळू आले.

[दृश्य: एका जुन्या घराची गळकी गच्ची. खाली ठेवलेली बादली.]

आता मालकाच्या बाजूनं बघा. घर माझं, कर मी भरतो, गळतं तेव्हा बादली मी ठेवतो. आणि खिडकी कुठली बसवायची ते तुम्ही सांगणार? चुकीचा प्रश्न नाही हा. आणि यादी करून हात झटकणाऱ्या नगरपालिकेकडे त्याचं उत्तर नसतं.

हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या दुसऱ्या स्टेशनावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा मनोरा उभा करायचा होता. आयोग नाही म्हणाला. मालक कंपनी म्हणाली, ही तर आमची मालमत्ता भरपाईशिवाय काढून घेणं झालं. 1978 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल शहराच्या बाजूनं लागला. निकालात एक मुद्दा होता: वर बांधता येत नसलं, तरी तो बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या जागांवर नेता येत होता. बिल्डर मंडळी ज्याला टीडीआर म्हणतात, तोच हा प्रकार. म्हणजे मालकाला ‘नाही’ म्हणताना त्याच्या हातात दुसरं काहीतरी ठेवलेलं होतं.

कॅलिफोर्नियानं 1972 मध्ये वेगळा मार्ग काढला. मालकानं गावाशी किमान दहा वर्षांचा करार करायचा, इमारत नीट राखायची, त्या बदल्यात मालमत्ता करात सूट. करार करायचा की नाही, ते प्रत्येक गाव ठरवतं. शिवाय 1980 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळवलेल्या स्थानिक संस्थांसाठी प्रत्येक राज्याला आपल्या वारसा अनुदानातला किमान दहा टक्के वाटा बाजूला काढावा लागतो. त्यातून बहुधा यादी करणं, नकाशे, दुरुस्तीचे आराखडे असली कामं होतात. दिसायला किरकोळ. पण कुठली इमारत कधीची, हे कागदावर नसेल तर वाचवायचं काय आणि कशाच्या जोरावर?

[दृश्य: अगदी जवळून. विटांच्या दरजा. गवंडी जुना चुना खरवडतोय.]

पैसा आला, परवानगी आली, तरी घर बिघडवता येतं. ही भिंत बघा. जुनी वीट मऊ, तिच्यामधला चुना त्याहून मऊ. भिंतीत ओल शिरते आणि चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. कुणीतरी ‘मजबुती’ म्हणून त्याच दरजा सिमेंटनं भरतो. ओल अडकते, क्षार विटेत साठतात, आणि काही वर्षांत विटेचं तोंडच पापुद्र्यासारखं सुटून येतं. दरजा मात्र ताठ! म्हणून जाणती नगरपालिका अर्जावर शिक्का मारताना मसाल्याचं प्रमाणही विचारते, आणि चुन्यात काम करणारे गवंडी तयार व्हावेत म्हणून वर्ग चालवते.

मग राहतो तो चलाख मालक. तो अर्जच करत नाही. छप्पर उघडं टाकतो आणि पावसाची वाट बघतो. चार-पाच पावसाळ्यांनी घर ‘धोकादायक’ ठरतं, मग पाडायला कोण अडवणार? काही गावांनी किमान देखभालीची सक्ती करून ही पळवाट बुजवली: नोटीस द्यायची, तरीही हललं नाही तर गावानं दुरुस्ती करून खर्च मालकाकडून वसूल करायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात नोटीस काढायला लागणारी हिंमत दर निवडणुकीआधी आटते.

[दृश्य: बोलोन्या. कमानींच्या खालून जाणारी लांबच लांब वाट.]

इटलीतल्या बोलोन्यानं 1973 मध्ये प्रश्नच वेगळा विचारला. भिंती वाचवल्या आणि आतली माणसं भाडं परवडेना म्हणून गेली, तर काय वाचवलं? तिथल्या नगरपालिकेनं जुन्या मध्यवस्तीतली घरं दुरुस्त करून ती सार्वजनिक घरबांधणीच्या योजनेत घेतली, तिथल्याच रहिवाशांना तिथेच राहता यावं म्हणून. ठरवलं तितकं सगळं झालं नाही. घरं सक्तीनं संपादन करायच्या विचाराला विरोध झाला, मग मालकांशी करार करावे लागले.

पण नियम लावायची सवय या गावाला जुनीच. 1288 मध्येच इथे फर्मान निघालं होतं: नव्या घराला रस्त्याच्या बाजूनं छताखालची वाट ठेवायची, तिची देखभाल मालकानं करायची, वापरायची सगळ्यांनी. उंचीही ठरवून दिली, तिथल्या मापानं किमान सात फूट, म्हणजे सुमारे 2.66 मीटर.

घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं आपटू नये म्हणून.